‘व्होट डाउन’ कुठे चालतं, कुठे चुकतं

ठराव मतास टाकला आणि फेटाळला गेला, या दोन्ही गोष्टी घडल्या असतील तरच इंग्रजीत ‘व्होट डाउन’ लिहा. मतदान न होता साहेबांनीच नकार दिला असेल, तर ‘टर्न डाउन’. एकट्या पदाधिकाऱ्याने नकाराधिकार वापरला असेल, तर ‘व्हीटो’.

१५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट (युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा) करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. ‘एमपीज व्होटेड डाउन द डील’ किंवा ‘व्होटेड द डील डाउन’, दोन्ही बरोबर. ‘डील’च्या जागी ‘इट’ आलं की मात्र ते मध्येच बसतं: ‘व्होटेड इट डाउन’. ‘व्होटेड डाउन इट’ साफ चूक. कर्म लांबलचक असेल तर ‘डाउन’ला ‘व्होटेड’पासून लांब नेऊ नका, वाचणारा वाक्यभर त्याची वाट बघत बसतो. कर्मणी रचना बातमीत सोयीची: ‘द डील वॉज व्होटेड डाउन बाय ४३२ व्होट्स टू २०२’.

मे यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. त्यांच्यापुरतं लिहायचं तर ‘व्होटेड अगेन्स्ट’, कारण करार पाडला तो सभागृहाने. ‘व्होटेड डाउन अगेन्स्ट’ अशी खिचडी तर कुठेच चालत नाही.

मराठीत ठराव पडतो, सरकार पडतं, उमेदवारालाही पाडतात. त्यामुळे तिन्हीकडे ‘व्होट डाउन’ ठोकून देण्याचा मोह होतो. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. इथे ‘व्होटेड डाउन’ झाला तो ठराव. सरकारसाठी ‘फेल’ (fell, म्हणजे ‘फॉल’चा भूतकाळ) लिहा. मतदारांनी सत्तेवरून घालवलं तर ‘व्होटेड आउट’. ‘दे व्होटेड हिम डाउन’ म्हणजे बहुमताने त्याचं म्हणणं डावललं, त्याची खुर्ची शाबूत आहे.

सगळ्यात फसवी जागा दोन तृतीयांश बहुमताची. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीला राज्यसभेत १४९ मतं बाजूने आणि ७५ विरोधात पडली. हवी होती किमान १५०. विधेयक बारगळलं खरं, पण बहुमत त्याच्याच बाजूने होतं. अशा वेळी ‘व्होटेड डाउन’ लिहिलं की सभागृह विरोधात होतं असा समज होतो. ‘फेल्ड टु गेट अ टू-थर्ड्स मेजॉरिटी’ लिहा आणि आकडे द्या.