चपलांचं दुकान ॲपला जोडताना

चप्पल लाइनीतल्या काही दुकानांच्या वेबसाइट मी सांभाळतो. सगळ्या वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायची प्रणाली), वूकॉमर्स घातलेल्या. वूकॉमर्स म्हणजे त्यावर दुकान चालवायचं प्लगइन, वरून बसवायचा छोटा प्रोग्राम. आता प्रत्येकाला ॲप पाहिजे. ॲपवाल्या कंपनीचं प्लगइन टाकून सक्रिय करणं हे दोन मिनिटांचं काम. पण त्याआधी साइटचा पूर्ण बॅकअप घ्या, आणि पत्ता एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) आहे का बघा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्समध्ये (पानांच्या पत्त्यांची रचना) 'प्लेन' निवडलेलं असेल तर तेही बदला, नाहीतर जोडणी होणारच नाही.

मग वूकॉमर्सच्या सेटिंग्ज, तिथं ॲडव्हान्स्ड, त्यात रेस्ट एपीआय, म्हणजे ॲप आणि साइट एकमेकांशी बोलतात ती वाट. तिथं नवी की बनवा, ॲपला आत यायची किल्ली. ॲपवरच्या ऑर्डरी साइटवर यायच्या असतील तर परवानगी 'रीड/राइट' ठेवा. तिच्यासोबतची सीक्रेट की (गुप्त भाग) एकदाच दिसते, लगेच कॉपी करून प्लगइनच्या रकान्यात टाका. आणि भावा, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवू नको! गल्ल्याची किल्ली अशी कोण वाटतं?

खरी डोकेदुखी मापांची. कोल्हापुरीतली कापशी चप्पल एकच, पण सात नंबर आणि आठ नंबर ही दोन व्हेरिएशन, म्हणजे एकाच मालाचे दोन प्रकार. स्टॉक प्रत्येक व्हेरिएशनवर वेगळा मांडा, एसकेयूही (मालाचा ओळख क्रमांक) वेगळा द्या. सगळा आकडा मुख्य प्रॉडक्टवर ठेवला, तर सातचा शेवटचा जोड गेला तरी ॲप माल विकत राहतं. हातानं शिवायचा जोड काय रातोरात होत नाही, गिऱ्हाईक मात्र रोज फोन करतं.

सुरू करण्याआधी ॲपवरून कॅश ऑन डिलिव्हरीची एक चाचणी ऑर्डर टाका. साइटवरचा स्टॉक एकनं उतरला का, ऑर्डर रद्द केल्यावर परत चढला का, दोन्ही तपासा.