ब्रुसेल्समधल्या प्रांताच्या ऑफिसात पाच महिने

मास्टर्स झाल्यावर मला ब्रुसेल्सला एका युरोपियन प्रांताच्या ऑफिसात, म्हणजे युरोपियन युनियनपुढे त्या प्रांताची बाजू मांडणाऱ्या ऑफिसात, इंटर्नशिप लागली. आई सगळ्यांना सांगत सुटली की पोरगी युरोपियन युनियनमध्ये लागली, प्रत्यक्षात तीन खोल्या, चार माणसं आणि सारखं अडकणारं कॉफी मशीन, स्टायपेंड शून्य (हे आधीच विचारून घ्या, मी लाजले आणि पस्तावले).

अशी ऑफिसं तिथे ३०० च्या आसपास आहेत. जर्मन प्रांतांपैकी सुरुवात १९८५ ला हॅम्बुर्ग आणि सारलँडने केली, बव्हेरियाचं तर युरोपियन पार्लमेंटला खेटून इतकं ऐसपैस आहे की लोक त्याला चेष्टेने राजवाडाच म्हणतात.

मी कमिटी ऑफ द रीजन्स, म्हणजे युनियनला सल्ला देणारी प्रांतांची आणि शहरांची समिती, पाठ करून गेले होते. युनियन ज्यातून उभी राहिली त्या मास्ट्रिक्ट करारातून आली, १९९४ ला सुरू झाली, ३२९ मेंबर, सगळे आपापल्या गावचे महापौर, नगरसेवक नाहीतर प्रांताचे पुढारी. पण तिचं मत सल्ल्यापुरतंच, कायद्यांचे मसुदे करणाऱ्या युरोपियन कमिशनने ऐकलंच पाहिजे असं काही नाही, मग प्रांतांची ही सगळी माणसं ब्रुसेल्समध्ये करतात काय हेच मला कळेना.

कळलं ते बसच्या कामात. कमिशनने सार्वजनिक बसखरेदीवर सूचना मागवल्या होत्या, मी सहा पानं झोडली. साहेबांनी पाच पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, आपल्या डेपोत चार्जिंगला जागा किती, डोंगरातल्या रूटवर बॅटरी किती टिकते, एवढंच लिही, कारण ब्रुसेल्समध्ये बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसतं. खरा जोर इथेच, मसुदा अजून कच्चा असताना. एकदा तो पार्लमेंटकडे गेला की एकेका शब्दासाठी मारामारी.

थेट अडवणूकही होते, पण क्वचित. २०१६ ला कॅनडाबरोबरचा व्यापार करार बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने अडवला, कारण तिकडे प्रांताच्या पार्लमेंटने होकार दिल्याशिवाय बेल्जियम सरकारला सही करता येत नाही. ३५-३६ लाख लोकांचा प्रांत आणि अख्खं युरोप ताटकळत! शेवटी परदेशी गुंतवणूकदार आणि सरकारं यांच्यातले वाद सोडवायच्या कलमावर युरोपियन कोर्टाचं मत घ्यायचं ठरलं आणि ३० ऑक्टोबरला सही झाली. २०१९ ला कोर्टाने कलमाला हिरवा कंदील दिला ते वेगळं.

नवीन येणाऱ्यांनी फ्रेंच थोडं तरी शिकून या, आणि भारतीय पासपोर्टवर कमिशनच्या ट्रेनीशिपमध्ये जागा मोजक्याच, म्हणून प्रांतांच्या आणि शहरांच्या ऑफिसांना थेट मेल टाका. गुरुवारी संध्याकाळी पार्लमेंटसमोरच्या प्लास द्यु लक्झेंबुर्गला सगळी इंटर्न मंडळी जमतात, तिकडे जात जा. मला पुढच्या कामाचा पत्ता तिथेच लागला, हातात संत्र्याचा ज्यूस घेऊन उभ्याउभ्या.