‘अचानक खर्च आला’ म्हणताय? मग या चुका टाळा

मी नवी मुंबईत तुर्भ्याला एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दिवसभराचं काम काय, तर लोकांची व्हाउचर तपासायची आणि ज्यावर नीट लिहिलेलं नाही त्यावर लाल पेनाने ‘कशासाठी?’ असं लिहून परत पाठवायची. कित्येक वर्षं हेच करतोय. आणि घरी काय? २०२४ ला ७ सप्टेंबरला गणपती होते, ४ तारखेला बघतो तर ईएमआय आणि किराणा जाऊन खात्यात नऊ हजार आणि काहीतरी चिल्लर. गावी चौघांनी जायचं, रेल्वेचं तिकीट नाही कारण वेळेत काढलंच नव्हतं, मग ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितला तो रेट, शिवाय मखर, कपडे, गावच्या घरचा शिधा. एकूण ३१ हजार, सगळे क्रेडिट कार्डावर. बायकोला म्हटलं, अगं अचानक खर्च आला. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. “अहो, गणपती काय अचानक आले? जानेवारीपासून लाल अक्षरात छापलेत.”

यावर बोलायला काही उरलंच नाही. तर मी स्वतः केलेल्या आणि आजूबाजूला घणसोली-कोपरखैरण्यात रोज बघतो त्या चुका लिहितोय. ‘चहा कमी प्या’ टाइपचे सल्ले यात नाहीत.

पगार महिन्याचा, खर्च वर्षाचा

बहुतेकांचं बजेट इथेच फसतं. आपण हिशोब करतो तो असा की पगार हातात ६८ हजार, घराचा हप्ता २४, राहिले ४४, त्यात महिना काढायचा. दिसायला बरोबर आहे. पण वर्षाचे बारा महिने सारखे नसतात ना. मी एका रविवारी बसून आमच्या घरचे वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च लिहिले. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून ३८ हजार. गणपती २२ हजार (वेळेत तिकीट काढलं तर, माझ्यासारखं नाही). दिवाळी २५. मार्चमध्ये एलआयसीचा हप्ता २४. मे महिन्यात गावी किंवा कुठेतरी, १०. प्रॉपर्टी टॅक्स दोन हप्ते मिळून ७. बाइकचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग ६.

बेरीज १ लाख ३२ हजार. भागिले बारा, म्हणजे महिन्याला बरोबर ११ हजार.

म्हणजे मी जे ४४ हजार समजत होतो ते ३३ च होते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे लहानपणापासून ऐकलंय, पण माझं अंथरूणच चुकीचं मोजलेलं होतं, वर्षानुवर्षं. दर महिन्याला अकरा हजार ‘उरले’ म्हणून खर्च व्हायचे आणि मग जून आला की उसनवारी, गणपती आले की कार्ड.

उपाय अगदी साधा आहे. दुसऱ्या बँकेत वेगळं सेव्हिंग खातं, त्याचं यूपीआय चालूच करायचं नाही, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी ११ हजार आपोआप तिकडे जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. आमच्या घरात त्या खात्याचं नावच ‘अचानक’ पडलंय. शाळेची फी भरायची? अचानकमधून भर.

आता यात अडचण कुठे येते तेही सांगतो. मी डिसेंबर २०२४ ला चालू केलं. जूनपर्यंत सात हप्ते म्हणजे ७७ हजार जमले, त्यातून एलआयसी, मे, शाळा आणि टॅक्सचा अर्धा हप्ता असे साडेपंचाहत्तर गेले, जूनअखेर खात्यात दीड हजार. घाम फुटला, पण उसने मागावे लागले नाहीत. पण जर हेच मी एप्रिलला चालू केलं असतं तर जूनमध्येच तोंडावर पडलो असतो आणि म्हटलं असतं की असलं बजेट-बिजेट काही चालत नाही. म्हणून चालू करायचं तर दिवाळी झाली की लगेच करा, आणि मध्येच करायचं असेल तर बोनस किंवा इन्क्रिमेंटचा एरियर्स असं काहीतरी एकरकमी टाकून करा.

दुसरी गंमत तिथीची. पगार इंग्रजी महिन्याने, सण मराठी महिन्याने. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टलाच आले, सप्टेंबरचा हप्ता जमा व्हायच्या आधी, आणि बाइकचे सहा हजारही तोवर गेले होते, त्यामुळे साडेचार हजार कमी पडले आणि ते इकडून तिकडून काढावे लागले. २०२६ ला अधिक महिना आहे, म्हणून गणपती थेट १४ सप्टेंबरला. हे कॅलेंडर जानेवारीतच बघून ठेवायचं. आणि कोकणवाल्यांनो, रेल्वेचं रिझर्व्हेशन नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे गणपतीच्या तिकिटाचे पैसे जुलैतच लागतात, ते तेव्हा हातात असले तर ठीक, नाहीतर पुन्हा ट्रॅव्हल्सवाला आहेच.

कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’

त्या ३१ हजारांचं बिल आलं तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरात टोटल आणि खाली मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढं तरी भरा अशी रक्कम, १,५५०. मला वाटलं चला, दीड हजार भरून टाकू, बाकी पुढच्या महिन्यात बघू. अकाउंट्सचा माणूस मी, पण गणित केलंच नाही. माझ्या कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. राहिलेल्या २९,४५० वर साधारण १,०३० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १८५, झाले सव्वाबाराशे. म्हणजे मी भरलेल्या १,५५० पैकी मुद्दलात गेले जेमतेम सव्वातीनशे! आणि एकदा पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, मग त्यानंतर कार्डावर घेतलेल्या पेट्रोललासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तीन महिन्यांत साडेचार हजारांच्या वर भरले आणि बाकी कमी झाली फक्त हजारभर.

आणि खरा मूर्खपणा पुढेच आहे. या तीन महिन्यांत माझी ५० हजारांची एफडी बँकेत शांत झोपलेली होती, सात टक्क्यांनी. एफडी मोडायची नाही हे आमच्याकडे देव्हाऱ्याला पाय लागू नये तसं शिकवलेलं. एकीकडे सात टक्के मिळवतोय आणि दुसरीकडे वर्षाला बेचाळीस टक्के भरतोय. बायको म्हणाली तेव्हा मोडली, मुदतीआधी म्हणून एक टक्का व्याज कापलं गेलं, तरी फायद्यातच. घरात एफडी आहे किंवा आरडी आहे आणि कार्डाची बाकी पण आहे असं असेल तर आज संध्याकाळी बसा आणि मिटवून टाका.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल एवढंच, की व्याजाइतका डिस्काउंट देतात हे खरं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. बिल नीट वाचा.

पैसे गळतात कुठे? आधी बघा, मग वडापावला शिव्या द्या

गेल्या वर्षी जानेवारीचं बँक स्टेटमेंट ऑफिसात प्रिंट काढलं (मालकाने हे वाचू नये) आणि घरी हायलायटर घेऊन बसलो, प्रत्येक एंट्रीपुढे आपलंच लाल पेन, ‘कशासाठी?’. १८७ वेळा पैसे गेलेले. त्यातले ११२ व्यवहार शंभर रुपयांच्या आतले, चहा, वडापाव, रिक्षा, कोथिंबीर. मला वाटलं सापडला चोर. बेरीज केली तर ४,१८०. आता एवढे चौघांच्या घरात होणारच, यात मरमर करून पाचशे वाचतील.

चोर दुसरीकडेच होता. दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून १७ ऑर्डरी, ८,९४०. आणि हे महिन्याचा किराणा भरलेला असताना! कसं होतं बघा, कांदे संपले म्हणून ॲप उघडायचं, कांदे साठ रुपयांचे, मग डिलिव्हरी चार्ज वाचवायला अजून दीडशेचं काहीतरी टाकायचं, ते काहीतरी म्हणजे चिप्स, आइस्क्रीम, असली कसली बिस्किटं. वाशीचं एपीएमसी मार्केट आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आणि आम्ही कांदे ॲपवरून मागवतोय. आता नियम एवढाच की ॲपवरची वस्तू आधी फ्रिजवरच्या कागदावर लिहायची आणि रात्री सगळं एकदम मागवायचं. निम्म्या वस्तू रात्रीपर्यंत नकोशाच होतात.

तिसरी गोष्ट ऑटोपे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग असतो, तो उघडून बघा. माझे तीन चालू होते, त्यातलं एक मुलाच्या अभ्यासाचं ॲप, जे मोबाइलमधून काढून सात महिने झाले होते. ॲप काढलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत.

तसंच ते टोलचं. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली, वाशी, मुलुंडला गाड्यांचा ४५ रुपयांचा टोल माफ झाला. आमच्या बिल्डिंगमधल्या गाडीवाल्यांना विचारा, ते वाचलेले पैसे कुठे आहेत? कोणालाच माहीत नाही. वाचलेला पैसा त्याच दिवशी कुठेतरी लावला नाही तर तो वाचतच नाही.

फुकटचे दंड

यावर जास्त लिहीत नाही, फक्त बघून घ्या. महावितरणचं बिल लवकर भरायची जी तारीख छापलेली असते तोपर्यंत भरलं तर एक टक्का सूट, शेवटची तारीख चुकली तर सव्वा टक्का आकार. प्रॉपर्टी टॅक्स थकला तर महिन्याला दोन टक्के. सोसायटीचा मेंटेनन्स थकवला तर आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांची सरकारी नमुना नियमावली) सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, चेअरमनशी भांडून उपयोग नाही. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असेल तर बँकेत अर्ज देऊन हप्त्याची तारीख बदलून घ्या, बाउन्स झालं की दंडही बसतो आणि सिबिलही (कर्ज वेळेत फेडतो की नाही याचा स्कोअर) खराब होतो. लोकलचा पास तीन महिन्यांचा काढला तर महिन्याच्या २.७ पट लागतो, तीन पट नाही.

घराचं कर्ज असणाऱ्यांनी अजून एक. २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) साडेसहावरून टप्प्याटप्प्याने सव्वा टक्का खाली आला. तुमचा व्याजदर उतरला का? कर्ज जुनं असेल तर कदाचित रेपोला जोडलेलंच नसेल, बँकेत जाऊन विचारा, थोडी फी घेऊन बदलून देतात. आणि दर उतरला तरी हप्ता तेवढाच चालू ठेवा, वर्षं कमी होतात.

नात्यातला पैसा

हे लिहू की नको असं झालं होतं. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे लोकांना नुसती सही वाटते. काका म्हणतात, अरे फक्त सही कर, मी आहे ना. पण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते, त्याने थकवलं की नोटीस तुमच्या घरी. मी एकदा केली होती, भरावे लागले, किती ते सांगत नाही. आता मी सरळ सांगतो, जामीन राहत नाही, पाहिजे तर जमेल तेवढे हातउसने घ्या, आणि ते परत येणार नाहीत असं धरूनच देतो.

पतपेढीत ठेव ठेवणाऱ्यांसाठी पण, व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं म्हणून सगळं तिथेच ठेवू नका. बँक बुडाली, सहकारी असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे (फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाखच होतं). पतपेढीला हा विमा लागू नाही.

खरंच अचानक असतं ते

सासऱ्यांना रात्री दोनला ॲडमिट करणं, नोकरी जाणं, हे अचानक. त्यासाठी तीन महिन्यांचा घरखर्च अधिक हप्ते एवढे पैसे वेगळे, ‘अचानक’ खात्यात नाही, तिसरीकडेच. आमचे अजून दीड महिन्याचेच झालेत. आणि कंपनीचा मेडिक्लेम आहे म्हणून निवांत राहू नका, बहुतेक ठिकाणी नोकरी गेली की तोही जातो. स्वतः काढलेल्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, त्यामुळे महाग म्हणून टाळला असेल तर पुन्हा कोटेशन घ्या.

दोन महिन्यांत बजेट बंद पडतं, का?

कारण आपण फार करायला जातो. मी ॲप घेतलं, बावीस कॅटेगरी केल्या, नवव्या दिवशी सोडलं. माझी आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची, एवढाच तिचा हिशोब आणि तो कधी चुकला नाही. आता आम्हीही कॅलेंडरवरच, दर रविवारी त्या आठवड्याचा एकच आकडा लिहितो, साडेसात हजाराच्या आत असेल तर निळा, वर गेला तर लाल. बस.

दुसरं कारण, हातखर्च न ठेवणं. दोघांना महिन्याला दीड-दीड हजार, त्याचा हिशोब कोणी कोणाला द्यायचा नाही. पहिल्या महिन्यात बायकोने त्यातून काहीतरी पार्सल मागवलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघालंच, “कशासाठी?” तिने नुसतं बघितलं.

यंदा शाळेने फी नऊ हजारांनी वाढवली. म्हणून अचानकचा हप्ता अकराचा पावणेबारा हजार केला, आणि ते साडेसातशे कुठून काढायचे यावर रविवारी चर्चा झाली. माझ्या हातखर्चातून निघाले.