लालीच्या खुराची भेग: नवा खूर खाली येईपर्यंत काय काय करायचं

माझी लाली कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी आहे. माथेरानला जिथे गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत प्रवासी ने-आण करते. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर एका संध्याकाळी खरारा करताना तिच्या पुढच्या डाव्या खुराच्या बाहेरच्या बाजूला उभी भेग दिसली. जमिनीकडून निघून ती केसांच्या कडेच्या, म्हणजे पायाचे केस संपून खूर सुरू होतो त्या रेषेच्या, बोटभर खाली येऊन थांबली होती. तिला परत प्रवाशाखाली उभं करायला मला जवळजवळ वर्ष लागलं. त्यात जे शिकलो आणि जिथे चुकलो ते सगळं सांगतो. कुणाच्या तरी घोड्याचे दोन महिने वाचतील.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. खुराची भेग जखमेसारखी भरून येत नाही. खूर म्हणजे आपल्या नखाचाच प्रकार, फाटला तो फाटला. वर केसांच्या कडेपाशी नवा खूर तयार होतो आणि महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर खाली सरकतो. पुढच्या टोकाचा खूर पूर्ण बदलायला 9 ते 12 महिने जातात, बाजूचा त्याहून लवकर बदलतो. आपल्या हातात एवढंच, की हा नवा भाग जुन्या भेगेमुळे पुन्हा फाटू नये.

भेग दिसली की पहिल्यांदा घोडा कामावरून काढा. सपाट जागी उभा करून खूर धुवा, ताराच्या ब्रशने हलकेच माती काढा आणि भेग कुठून कुठे जाते ते बघा. खालून वर चढणारी भेग बहुतेकदा वाढलेल्या, वेळेवर न छाटलेल्या खुराची असते. केसांच्या कडेपासून खाली उतरणारी जास्त वाईट, कारण तिथे खूर जिथे तयार होतो तीच जागा दुखावलेली असते. आडवी चीर असेल तर कधीतरी आत पू होऊन तो वरून फुटलेला असू शकतो.

मग हात लावून बघा. दोन्ही पुढचे खूर तळहाताने चाचपा, एक जास्त गरम लागतो का? खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटं ठेवली की नाडी लागते. निरोगी पायात ती शोधावी लागते. आत सूज असेल तर बोटाखाली ठोके आदळतात. त्यानंतर कुणाला तरी घोडा धरून कडक जमिनीवर दुडकी चालवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना मान खाली जाते. लंगडणं, रक्त, पू किंवा वास यातलं एक जरी असलं तरी भेग आतल्या जिवंत भागापर्यंत गेली असं समजा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारा. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

माझी चूक इथे झाली. लाली लंगडत नव्हती, म्हणून मी नळाची गळती बंद करायची लुकणी आणून भेगेत दाबून भरली. वरून छान गुळगुळीत दिसलं. पाचव्या सकाळी ती पाय टेकेना. नुसतं टोक जमिनीला लावून उभी, अंगाला घाम, चंदीला तोंड लावलेलं नाही. डॉक्टरांनी लुकणी उकरली तेव्हा आतून काळा, घाण वासाचा पू आला. घाण आत कोंडली होती आणि ती मीच कोंडली होती. भेग भरायचे खास मसाले मिळतात, पण आतली जागा कोरडी आणि स्वच्छ झाल्यावर जाणत्या माणसानेच ते भरावेत. जळकं इंजिन ऑइल तर खुराला लावूच नका.

पू निघाल्यावर आठवडाभर पाय शेकला. बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात एप्सम सॉल्ट, दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं. पाणी लाथाडू नये म्हणून मी शेजारी बसून तिच्या मानेवरून हात फिरवत राहायचो. नंतर खूर पुसून कोरडा करायचा, डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ पोव्हिडोन आयोडीन लावायचं, कापूस ठेवायचा आणि वरून लहान बाळाचा डायपर गुंडाळून रुंद चिकटपट्टी मारायची. पट्टी खुरावरच ठेवा. केसांच्या कडेवर आवळली तर नव्या खुराचा रक्तपुरवठा अडतो. दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. दुखणं दबलं की घोडा त्याच पायावर पूर्ण भार टाकतो आणि भेग फाकते.

आता खरा उपाय, तो नालबंदाच्या हातात आहे. आमचे चाचा कर्जतच्या बाजूने येतात. त्यांनी पाय मांडीवर घेतला, आधी अंगठ्याने भेगेच्या दोन्ही कडा दाबल्या आणि म्हणाले, "बघ, पाऊल टाकताना या दोन कडा एकमेकींवर घासतात. घासणं थांबव, खूर आपोआप येईल." त्यांनी खूर मापात आणला, पुढचं लांबलेलं टोक मागे घेतलं आणि भेगेच्या खालची कड कानशीने एवढी घासली की नाल बसल्यावर तिथे रुपयाचं नाणं सरकेल इतकी फट राहिली. जमिनीचा धक्का भेगेला थेट बसू नये म्हणून ही फट. नाल मागून बंद असलेला घेतला, त्यामुळे टाचेवरचा भार वाटला गेला. भेगेजवळ एकही खिळा ठोकला नाही. तुमचा नालबंद नुसता नवा नाल मारून निघाला तर त्याला थांबवा आणि फट मागा. त्यानंतर दर पाच आठवड्यांनी नाल काढून तीच फट पुन्हा करायची, कारण खूर वाढला की ती बुजते.

चाचांनी त्या दिवशी केसांच्या कडेखाली कानशीच्या कोपऱ्याने एक बारीक आडवी रेघ मारून दिली. दर महिन्याला मी शाळेच्या पट्टीने कडेपासून रेघेपर्यंत मोजायचो. पहिल्या महिन्यात जेमतेम 7 मिलिमीटर. रेघेच्या वरचा खूर सलग असेल तर तुमचं बरोबर चाललंय. भेग रेघेच्या वर चढली तर भार अजून भेगेवर येतोय, नालबंदाला परत बोलवा.

खाण्यात चांगला चारा मुख्य. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा ठेवू नका, त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. डॉक्टरांनी बायोटिन हे जीवनसत्त्व दिवसाला 20 मिलिग्रॅम दिलं, सोबत जस्त आणि तांबं असलेली खनिज पूड. फरक फक्त नव्या खुरात दिसतो, म्हणून सहा महिने तरी खंड पडू देऊ नका.

चालवण्याची घाई सगळ्यांना होते. नाताळची गर्दी समोरून जात होती आणि लाली तबेल्यात भुशावर उभी होती. घरात पैशावरून बोलणी झाली. तरी पहिले तीन आठवडे बाहेर काढली नाही. मग सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, हातात धरून, झाडाखालच्या मऊ लाल मातीवर. पेव्हर ब्लॉकवर नाही, उतारावर नाही, कारण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली. वळताना ती कचरली किंवा संध्याकाळी खूर गरम लागला की दोन दिवस मागे. मार्चच्या शेवटी रिकामं खोगीर, एप्रिलमध्ये माझा बारका पुतण्या सपाटीवर.

जूनमध्ये कानशीच्या दोन हातांत भेगेचं शेवटचं टोक भुग्यासोबत खाली पडलं. चाचांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. पावसाळाभर तिला नेरळला कोरड्या जागी ठेवली, रोज खूर पुसला, आणि दसऱ्यानंतर दस्तुरीला उभी केली. पहिले पंधरा दिवस दिवसाला दोनच फेऱ्या, तेही हलके प्रवासी. नाल अजून पाच आठवड्यांनीच बदलतो, आणि डावा खूर मी आधी उचलतो.