'साकेर्दोस' चालवताना

लॅटिन शिकायला घेतलं तेव्हा सगळी भिस्त दहावीच्या संस्कृतवर होती. लॅटिन नामं चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे गणांत विभागलेली असतात; पहिल्या दोन गणांची नामं सहज गेली. तिसऱ्या गणात 'साकेर्दोस' आला, म्हणजे देवाला बळी अर्पण करणारा पुजारी, आणि गाडी अडली.

शब्दकोशात 'साकेर्दोस, साकेर्दोतिस' अशी जोडी असते. मी पहिला शब्द वहीत उतरवायचो, दुसरा सोडून द्यायचो. मग उताऱ्यात 'साकेर्दोतेम' दिसलं की हे नवीनच काहीतरी वाटायचं. खरं अंग, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचं रूप, आहे 'साकेर्दोत्'. प्रथमेत 'स्' लागला की 'त्' गळतो आणि षष्ठीत पुन्हा उगवतो. म्हणून नाम घोकायचं ते षष्ठीसकट. शेजारी संस्कृतातला 'मरुत्' लिहून पाहा: मरुतम् – साकेर्दोतेम, मरुतः – साकेर्दोतिस, मरुद्भ्यः – साकेर्दोतिबुस. 'मरुद्भ्यः' चतुर्थीलाही चालतं, पंचमीलाही, 'साकेर्दोतिबुस'चंही तसंच. हे लक्षात आलं त्या रात्री मी उगाचच खूश होतो.

संस्कृत दगाही देतं. 'पुरोहित' पुल्लिंगी, म्हणून मी 'साकेर्दोस'ही पुरुषच धरला. व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात 'रेगिना साकेर्दोस' आलं. मी ठोकून दिलं, 'राणी आणि पुजारी'. सरांनी एवढंच विचारलं, "हे 'आणि' कुठून आणलंस?" ती एकच बाई आहे, रोम वसवणाऱ्या रोम्युलसची आई इलिया, राजघराण्यातली पुजारीण. हे नाम दोन्ही लिंगांत चालतं.

अर्थाचंही तेच. बळी देणारा म्हटल्यावर हातात सुरा येतो डोळ्यांसमोर. पण रोमन लोकांच्या मोठ्या सार्वजनिक विधीत घाव घालायचा तो 'पोपा', गळा चिरायचा तो 'कुल्त्रारियुस'. पुजारी टोग्याचा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राचा, पदर डोक्यावर घेऊन जनावराच्या कपाळावर 'मोला साल्सा' भुरभुरायचा. हे मीठ घातलेलं भरड पीठ. चुलीची देवी वेस्ता, तिच्या पुजारणी ते तयार करायच्या. त्या 'मोला'वरूनच 'इम्मोलारे', बळी देणे, हे क्रियापद आलं. असे शब्द एकत्र शिकलात तर सुटे पाठ करावे लागत नाहीत.

चर्चमधलं लॅटिन कानावर असलेले 'साचेर्दोस' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, तो उच्चारही रूढच आहे. फक्त एका वहीत दोन्ही नकोत; मी ती खिचडी वर्षभर निवडत होतो.