खाऱ्या हवेतला पंप आणि वीस पायांची चिप: विनकपल वापरून लॉजिक कसं भरायचं

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही आगरात जा. विहीर, पंप, माडाच्या उंचीवर टाकी आणि या तिघांना जोडणारी लांबलचक वायर हे चित्र सगळीकडे सारखंच. त्या वायरीची टोकं खाऱ्या हवेत हिरवी पडतात, स्क्रूखाली गंज धरतो आणि एक दिवस संपर्क तुटतो. म्हणून इथल्या पंपाचं लॉजिक लिहिताना पहिला प्रश्न एकच: ही वायर तुटली तर मोटर बंद पडेल की चालत राहील? ती बंदच पडली पाहिजे. पुढची पिनांची निवड, समीकरण आणि चाचणी या एका अटीवर बेतलेली आहे.

चिप घ्यायची ती एटीएफ१६व्ही८बी, हवं ते लॉजिक आत भरता येणारी, वीस पायांची डिप पॅकेजमधली (दोन रांगांत पाय असलेली). लॉजिक भरता येणाऱ्या पाल चिपा १९७८ साली आल्या आणि एकदाच जाळता (म्हणजे लिहिता) येत. १९८५ साली लॅटिसने पुसून पुन्हा भरता येणारी गाल चिप आणली. एटीएफ१६व्ही८ ही त्याच घराण्यातली. पाय १ ते ९ आणि ११ इनपुट, १२ ते १९ आउटपुट, १० ग्राउंड, २० ला ५ व्होल्ट. डेटाशीटप्रमाणे ती १०० वेळा पुसून लिहिता येते, आणि एका पंपासाठी तेवढं भरपूर आहे. चार-पाच अटींच्या कामाला मायक्रोकंट्रोलरपेक्षा हीच बरी, कारण हिच्यात अडकून पडेल असा प्रोग्रामच चालत नसतो. इनपुट बदललं की काही नॅनोसेकंदांत आउटपुट बदलतं. वेळ मोजणं मात्र तिला जमत नाही, त्याची सोय बाहेरून करावी लागते.

बाकीचं सामान: टीएल८६६ टू प्लस किंवा टी४८ प्रोग्रामर (चिपमध्ये फाइल लिहिणारं यंत्र), तीन केबल फ्लोट स्विच, तीन पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने संकेत पलीकडे नेणारे), एक ७४एचसी१४ (संकेत उलटा करणाऱ्या सहा गेटांची चिप), एक यूएलएन२००३ (रिले चालवणारी चिप), १२ व्होल्टची रिले, ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर), आणि चिपसाठी गोल पिनांचा टर्न्ड सॉकेट. पत्र्याच्या पट्टीचा स्वस्त सॉकेट इथे एक पावसाळा काढला तर काढतो. दहा रुपये वाचवायची ती जागा नव्हे.

आता तर्क. टाकीत दोन फ्लोट: एक वर, एक तळाकडे. दोन्ही असे लावा की पाणी फ्लोटच्या खाली असताना संपर्क जुळलेला राहील. विहिरीतला फ्लोट उलट: पाणी असताना जुळलेला. म्हणजे तिन्हीकडे 'जुळलेला संपर्क' याचा अर्थ 'मोटरला हरकत नाही' असा होतो. तुटलेली वायर उघड्या संपर्कासारखीच दिसते, त्यामुळे गंजाने काहीही तोडलं तरी निकाल मोटर थांबण्याकडेच झुकतो.

प्रत्येक फ्लोटमधून १२ व्होल्ट आणून १ किलोओहममार्गे पीसी८१७ च्या एलईडीत सोडा. साधारण १० मिलिअँपिअर मिळतात. चिपचा पाय थेट फ्लोटला जोडला तर संपर्कातून जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर जातात आणि मोटरच्या प्रवाहासाठी घडवलेल्या फ्लोटच्या संपर्कावरचा काळा थर तेवढ्याने तुटत नाही. एलईडीला समांतर आणखी एक १ किलोओहम लावा. ओल्या, खारट जोडातून झिरपणारा पहिला सव्वा मिलिअँपिअर तो गिळतो, नाहीतर ओला जोडच जुळलेल्या संपर्काची बतावणी करतो. ऑप्टोचा कलेक्टर चिपच्या पायाला, एमिटर ग्राउंडला, आणि पायावरून ५ व्होल्टला २.२ किलोओहमचा पुल-अप (पाय वर ओढून धरणारा रेझिस्टर). जुळला की ०, तुटला की १. एक गोष्ट ही रचना सांभाळू शकत नाही: वायरीच्या दोन तारा एकमेकींना पूर्ण चिकटल्या तर तो फ्लोट कायम जुळलेला दिसतो. म्हणून विहिरीत आणि टाकीत वायरीला मधेच जोड देऊ नका, अखंड वायर ओढा.

विनकपल, म्हणजे समीकरणांतून चिपमध्ये भरायची फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर चालतं. ते आधी ॲटमेल देत असे, आता मायक्रोचिपकडे आहे आणि फुकट मिळतं. काम जुन्या धाटणीचं आहे, त्यामुळे फोल्डर सी ड्राइव्हवर सरळ ठेवा, नावात मोकळी जागा नको आणि फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत. डेस्कटॉपवरच्या लांबलचक नावाच्या फोल्डरमधून कंपाइल केलं तर न कळणाऱ्या चुका येतात आणि माणूस तासभर समीकरणात खोट शोधत बसतो. लिनक्सवाल्यांना गालेट (कंपाइलर) आणि मिनीप्रो (चिप लिहिणारं सॉफ्टवेअर) ही जोडी आहे. तिथे लिहिण्याची पद्धत वेगळी, तर्क हाच.

नवी फाइल उघडली की वर नाव, पार्ट नंबर, तारीख, आवृत्ती वगैरे ओळी येतात. सगळ्या भरा, रिकामी ओळ ठेवू नका आणि प्रत्येकीच्या शेवटी अर्धविराम द्या. अर्धविराम राहिला तर चूक पुढच्या ओळीवर दाखवली जाते, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी बघा. डिव्हाइसच्या जागी जी१६व्ही८ लिहा. चिपचा मोड (आतल्या जोडणीची मांडणी) मग सॉफ्टवेअर स्वतः निवडतं.

फाइलमध्ये नावं रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत देतो. वरकमी आणि तळकमी म्हणजे पाणी त्या-त्या फ्लोटच्या खाली, मुभा म्हणजे लाइट आल्यावर थोड्या वेळाने मिळणारी परवानगी (तिचं सर्किट पुढे येतं), कोरडी म्हणजे विहीर आटल्याची खूण:

पिन २ = !विहीर;
पिन ३ = !मुभा;
पिन ४ = !वरकमी;
पिन ५ = !तळकमी;
पिन १७ = मोटर;
पिन १८ = !कोरडी;

मोटर = विहीर & मुभा & वरकमी & (तळकमी # मोटर);
कोरडी = !विहीर;

& म्हणजे 'आणि', # म्हणजे 'किंवा', ! म्हणजे 'नाही'. पिनच्या ओळीतल्या ! चा अर्थ 'पायावर ० आला की हे नाव खरं' असा. एकदा तिथे सांगितलं की समीकरणात सरळ बोलायचं. दोन्हीकडे ! घातला तर नकार एकमेकांना खातात आणि विहीर कोरडी पडल्यावरच मोटर चालू होते. कोरड्या पंपाचं मेकॅनिकल सील फार वेळ टिकत नाही.

कंस विसरणं ही त्याहून लबाड चूक. 'वरकमी & तळकमी # मोटर' असं लिहिलं तर & आधी धरला जातो, आणि एकदा चालू झालेली मोटर कुठलाच फ्लोट थांबवू शकत नाही. कंपाइलर तक्रार करत नाही, कारण भाषेच्या हिशेबाने ओळ बरोबर आहे.

मोटरसाठी १७ च का? समीकरणात मोटर स्वतःच्याच आउटपुटकडे पाहते, तिथेच तिची आठवण राहते. १६व्ही८ च्या साध्या मोडमध्ये पाय १५ आणि १६ चं आउटपुट आत परत येत नाही, कॉम्प्लेक्स मोडमध्ये १२ आणि १९ चं येत नाही. १३, १४, १७, १८ हे दोन्ही मोडमध्ये चालतात.

कंपाइलच्या पर्यायांत जेडेक फाइल (चिपमध्ये भरायची, जेड फाइल म्हणतात ती हीच) आणि डॉक फाइल (समीकरणांचा अहवाल) दोन्हींवर खूण करा. जेडेक फाइलला नाव मिळतं ते वरच्या 'नाव' या ओळीतून. जुन्या फाइलची नक्कल करून काम सुरू केलं आणि ती ओळ तशीच राहिली, तर जुनीच जेड फाइल बदलली जाते आणि नवी सापडत नाही. तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून क्यूएफ पुढे २१९४ आहे ना बघा. १६व्ही८ चे फ्यूज, म्हणजे आतले लिहायचे जोड, तेवढेच. वेगळा आकडा दिसला तर डिव्हाइस चुकलंय. डॉक फाइलमध्ये मोटरच्या समीकरणाला दोन प्रॉडक्ट टर्म ('आणि' ने जोडलेले गट) लागलेल्या दिसतील. आठपर्यंत जागा असते.

चिप भरण्याआधी सिम्युलेशन (संगणकावरच लॉजिकची चाचणी) करा, हे टाळू नका. इनपुटचा क्रम विहीर, मुभा, वरकमी, तळकमी असा ठेवा, त्यापुढे मोटरचा अपेक्षित निकाल. इथले ० आणि १ हे पायावरचे प्रत्यक्ष व्होल्टेज आहेत, आणि फाइलमध्ये 'चालू' साठी एच, 'बंद' साठी एल लिहायचं:

० १ ० १ बंद: लाइट नुकती आली
० ० ० १ बंद: टाकी अर्धी, सुरू व्हायचं कारण नाही
० ० ० ० चालू: पाणी तळाच्या खाली गेलं
० ० ० १ चालू: टाकी भरतेय
० ० १ १ बंद: भरली
० ० ० १ बंद: पाणी वापरात, अजून तळ नाही
० ० ० ० चालू
१ ० ० ० बंद: विहीर आटली

दुसरी आणि चौथी ओळ इनपुटात अगदी सारखी आहे, निकाल मात्र वेगळा. आठवण नीट काम करतेय याची खूण तीच. कंस विसरला असेल तर पाचव्या ओळीवर सिम्युलेटर अडतो.

भरताना एक्सजीप्रोमध्ये (प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमध्ये) चिपच्या अंगावरचं नाव वाचून कंपनी आणि मॉडेल निवडा. जी१६व्ही८ हे कंपाइलरसाठीचं नाव, प्रोग्रामरला एटीएफ१६व्ही८बी लागतं. लॅटिसची जीएएल१६व्ही८ आणि ही, दोघींची जेड फाइल एकच चालते, पण लिहिण्याची पद्धत वेगळी. निवड चुकली की लिहिणं किंवा पडताळणी फसते. प्रोग्रामरच्या सॉकेटात चिप दांडीच्या बाजूला, खाच दांडीकडे. पिन तपासणीत एखादा पाय लागत नाही असा संदेश आला तर पाय मळलेले असतात. खोडरबरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी पुसणं, मग लिहिणं, मग पडताळणी. लॉकची खूण काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी चिपमध्ये काय आहे ते तुम्हालाही वाचता येणार नाही. चेकसम (फाइलची ओळख पटवणारा आकडा) आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून चिपच्या पाठीवर लावा.

बोर्डावर १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर पाय २० आणि १० च्या अगदी जवळ हवा. चिप एकटी साधारण ५० मिलिअँपिअर ओढते, ७८०५ ला ते सहज झेपतं. पाय १७ यूएलएन२००३ च्या इनपुटला, आणि तिथून ग्राउंडला ४.७ किलोओहम. या रेझिस्टरला बोर्डावर बरेचदा फाटा दिला जातो. एटीएफ१६व्ही८बी च्या आत प्रत्येक पायावर कमजोर पुल-अप असतो. चिप कोरी असेल तर त्या गळतीनेही यूएलएनची डार्लिंग्टन जोडी (आतल्या ट्रान्झिस्टरांची) अर्धवट उघडू शकते. यूएलएनचा पाय ९ बारा व्होल्टला जोडा, नाहीतर आतले डायोड निकामी राहतात आणि रिले सुटताना उठणारा झटका आठवण पुसतो. रिले फक्त कॉन्टॅक्टरची (मोटर जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवेल, मोटर नव्हे. त्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) हवा. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

उरली मुभा. लाइट येते त्या क्षणी चिपची आठवण चालू होऊन बसेल की बंद, याचा भरवसा नाही. म्हणून ७४एचसी१४ च्या दोन गेटा एकापुढे एक लावा. पहिल्या गेटच्या इनपुटच्या बिंदूवरून ५ व्होल्टला १०० मायक्रोफॅरॅड (धन टोक ५ व्होल्टकडे) आणि ग्राउंडला १०० किलोओहम. त्या बिंदूवर १एन४१४८ डायोड, कॅथोड बिंदूकडे आणि ॲनोड ग्राउंडला, म्हणजे लाइट जाताना बिंदू ऋण होत नाही. बिंदू आणि गेट यांच्यामध्ये १ किलोओहम. लाइट आल्यावर साधारण दहा सेकंद मुभा मिळत नाही, आणि वादळी दिवसांत व्होल्टेज वर-खाली होऊन स्थिरावायला तेवढी उसंत लागतेच. दुसऱ्या गेटपासून पाय ३ कडे जाणाऱ्या वायरीत 'बंद' चा स्विच घाला आणि पाय ३ वर ४.७ किलोओहमचा पुल-अप द्या. उरलेल्या चार गेटांची इनपुट ग्राउंडला बांधा.

वैशाखात विहिरीत पाणी हळू झिरपतं, त्यामुळे विहिरीच्या फ्लोटची दोरी आखूड ठेवू नका. वजनापासून फ्लोटपर्यंत अर्धा मीटर केबल मोकळी असली तर पाणी बऱ्यापैकी चढल्याशिवाय संपर्क जुळत नाही आणि मोटर दर दोन मिनिटांनी उठत-बसत नाही.

बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (संरक्षक लेपाचे) दोन हात द्या, सॉकेट आणि टर्मिनल झाकून. डबा आयपी६५ (धूळ-पाणी आत न येऊ देणारा), वायरी खालच्या बाजूने आत, आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला खाली झोळ, म्हणजे पागोळीचं पाणी तिथूनच गळेल.

मे संपायच्या आत एक चाचणी करा. टाकी रिकामी करून मोटर चालू होऊ द्या, मग टर्मिनलवरून एकेक वायर सोडवा. विहिरीची सोडली की मोटर ताबडतोब पडली पाहिजे, वरच्या फ्लोटची सोडली तरी तसंच. तळाच्या फ्लोटची वायर सोडताना मात्र आधी टाकीतलं पाणी त्या फ्लोटच्या वर येऊ द्या. तिथे मोटर चालू राहून टाकी भरेल आणि मग पुन्हा सुरू होणार नाही, हेच बरोबर आहे. पहिल्या दोघींपैकी एखादी सोडूनही मोटर चालत राहिली, तर ऑप्टोचा कलेक्टर सोडवून पायावर व्होल्टमीटर धरा. ५ व्होल्टच्या आसपास आले तर दोष ऑप्टोत किंवा वायरीच्या ओलीत. ० वरच राहिले तर बोर्डावर कुठेतरी मीठ साचून पाय ग्राउंडला टेकलाय.