चित्रं मॅस्टोडॉनवर, पैसे आपल्या साइटवर

मी सावंतवाडीजवळ राहते आणि रानभाज्यांची, रानफुलांची जलरंगातली चित्रं काढते. शेवळं, टाकळा, करटोली, भारंगी. घरखर्चाचा बराच भाग आता याच कामातून निघतो आणि गिऱ्हाइकं बहुतेक मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या सोशल नेटवर्कांवरून येतात. तिथे पैसे कसे मिळतात, असं नवी चित्रकार मुलं विचारतात. तिथे मिळत नाहीत. मॅस्टोडॉनवर जाहिरातीच नाहीत, तर त्यातला वाटा कुठून येणार? व्ह्यूजचे पैसेही कोणी देत नाही. तिथे माणसं मिळतात, आणि जागा बदलली तरी ती आपल्याबरोबर येऊ शकतात. कमाई याच गोष्टीवर उभी करायची.

म्हणून खातं उघडण्याआधी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्या. ब्लूस्कायवर हेच डोमेन तुमचं हँडल, म्हणजे खात्याचं नाव, होऊ शकतं. सेटिंग्जमध्ये हँडल बदलायला गेलात की एक ओळ मिळते, ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या पानावर, टीएक्सटी प्रकारची नोंद म्हणून टाकायची. फॉलोअर्स तसेच राहतात. मॅस्टोडॉनवर प्रोफाइलमध्ये साइटचा पत्ता द्या आणि तिथे मिळणारा छोटा कोड साइटवर लावा. मग ती लिंक हिरवी दिसते आणि हे खातं खरंच तुमचं आहे हे कळतं. विकत घेणाऱ्याला ही खात्री फार लागते.

साइट वर्डप्रेसवर असेल तर ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन जरूर बसवा. मॅस्टोडॉन एका ठिकाणी नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर आहे; ते ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. २०१८ च्या जानेवारीत वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. प्लगइन लावलं की मॅस्टोडॉनवरची माणसं थेट तुमच्या साइटलाच फॉलो करू शकतात आणि त्यांची उत्तरं साइटवर प्रतिक्रिया म्हणून येतात. माझ्या मते सगळ्यात भक्कम रस्ता हाच.

मॅस्टोडॉनचा सर्व्हर निवडताना त्याचे नियम नीट वाचा. बरेच सर्व्हर स्वयंसेवक चालवतात आणि काही ठिकाणी विक्रीच्या पोस्ट चालत नाहीत. जिथे चालतात तिथे कमाई सुरू झाली की सर्व्हरच्या खर्चाला हातभार लावा, तो आपल्या धंद्याचाच खर्च आहे. सर्व्हर बंदही पडतात. दुसरीकडे खातं हलवलं तर फॉलोअर्स येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, आणि हलवायचं तर जुना सर्व्हर चालू असतानाच. त्यामुळे प्रत्येक चित्राची मूळ प्रत आणि मजकूर आधी साइटवर, मग बाकी सगळीकडे.

मॅस्टोडॉनच्या मुख्य टाइमलाइनवर पोस्ट वेळेच्या क्रमानेच दिसतात. अनोळखी माणूस तुमच्यापर्यंत येतो तो हॅशटॅगवरून किंवा कोणी पोस्ट बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअर्सना पुढे पाठवली, म्हणून. जर्मनीतली संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, तेव्हा सकाळी टाकलेलं चित्र मी रात्री स्वतःच पुन्हा बूस्ट करते. चित्राचं वर्णन कधीही टाळू नका. दृष्टिहीन वाचकांसाठी ते हवंच, आणि वर्णन नसलेली चित्रं तिथले कितीतरी लोक पुढे पाठवत नाहीत. मी पानाचा आकार, देठाचा रंग लिहिते. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घशाला खाजतात, म्हणून आंबट काकडं घालतात, हेसुद्धा लिहिते. अशा वर्णनांवरच लोक बोलायला लागतात, आणि बोलणाऱ्यांतूनच पुढे कोणीतरी विकत घेतं. ब्लूस्कायवर पोस्टला ३०० अक्षरांची मर्यादा आहे, तिथे आपल्या विषयाची कस्टम फीड, म्हणजे कोणीतरी त्या विषयाच्या पोस्ट निवडून लावलेली यादी, शोधा आणि तिच्यात पोस्ट येण्यासाठी कोणता हॅशटॅग लागतो ते पाहा.

आता पैसे. देशातल्या गिऱ्हाइकांसाठी यूपीआयचा क्यूआर पुरतो. पेपाल १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात चालत नाही, परदेशातून पैसे घ्यायला मात्र चालतं. परदेशी टपालखर्च छोट्या चित्राच्या किमतीवर जातो, म्हणून तिकडच्यांना मी घरी छापता येईल अशी फाइल विकते. खरा आधार मासिक वर्गणीचा: महिन्याला एक चित्र, त्या भाजीची माहिती आणि करायची पद्धत, ईमेलने. ईमेलची यादी स्वतःकडे उतरवून ठेवा. कोणतंही नेटवर्क गेलं तरी ती उरते.

क्रिप्टोवर चालणारी नेटवर्कंही आहेत. हाइव्हवर वाचकांच्या मतांवरून पोस्टला क्रिप्टोत बक्षीस मिळतं, ते सात दिवसांनी, आणि त्यातला निम्मा वाटा मत देणाऱ्यांना जातो. नॉस्टरवर वाचक बिटकॉइनचे बारीक तुकडे थेट पाठवतात. घरखर्च मी त्यावर ठेवणार नाही. भाव रोज हलतो, आणि १ एप्रिल २०२२ पासून असं चलन विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. एका चलनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. कोणी पाठवलंच, तर त्या दिवसाचा रुपयातला भाव तेव्हाच वहीत लिहून ठेवा.